वसई-गोव्यातील धर्मग्रामांच्या जुन्या नोंदवह्या: शोध आणि जतन

वसई, साष्टी किंवा गोव्यातील ख्रिस्ती घराण्याचा इतिहास शोधताना तीन-चार पिढ्यांपलीकडे जायचे असेल, तर चर्चच्या नोंदवहीसारखे विश्वसनीय साधन दुसरे नाही. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीत, बाप्तिस्मा आणि विवाह यांची वही ठेवण्याचा नियम केला व १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या वहीचीही तजवीज केली. गोव्यात नागरी नोंदणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुळली, त्यामुळे त्याआधीच्या जन्माचा पुरावा बहुतेक वेळा चर्चमध्येच मिळतो. या वह्या हाताळताना एक तत्त्व मात्र पाळावे: वही अशा रीतीने पाहावी व टिपून घ्यावी की त्याच माहितीसाठी ती पुन्हा उघडावी लागू नये.

शोधाची सुरुवात घरातून करावी. मृत्युपत्रे, विवाहाचे दाखले, प्रार्थनापुस्तकातील टिपणे आणि थडग्यावरील अक्षरे यांतून व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, गाव, वाडा (गावातील वस्ती) आणि अंदाजे साल निश्चित करावे. वाड्याचे नाव विशेष जपावे, कारण एकाच धर्मग्रामात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन-तीन गृहस्थ सहज आढळतात व त्यांना वेगळे ओळखण्याची खूण बहुधा वाडाच असते.

त्यानंतर त्या काळी आपले चर्च कोणाच्या अधिकाराखाली होते, हे पाहावे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली त्या धामधुमीत अनेक चर्च उद्ध्वस्त झाली आणि पुष्कळ कागद नाहीसे झाले, म्हणून त्यापूर्वीच्या वसईच्या नोंदींची फार आशा धरू नये. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत (एका बिशपांच्या अधिकारातील प्रदेश) स्थापन झाल्यावर वसईची चर्च त्याच्याकडे होती. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत संपून ती मुंबईकडे गेली आणि १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मूळ वही सहसा चर्चमध्येच राहते, पण १९१७ च्या धर्मविधिसंहितेने वर्षअखेरीस वहीची अधिकृत प्रत बिशपांच्या कार्यालयात पाठवण्याचा नियम घातला होता. त्यामुळे चर्चमधील वही वाळवीने खाल्ली असली तरी निराश न होता संबंधित बिशप हाऊसकडे विचारणा करावी. गोव्यातील काही धर्मग्रामांच्या जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, तर काही चर्चमध्येच. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर गोव्यातील पुष्कळ वह्यांची छायाचित्रे पाहता येतात. वह्यांचा शोध तेथूनच सुरू केलेला बरा, कारण त्यात मूळ कागदाला हात लागत नाही. ब्रिटिश सेवेतील प्रोटेस्टंट पूर्वजांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या धार्मिक नोंदी पाहाव्यात.

चर्चमध्ये जाण्यापूर्वी प्रमुख धर्मगुरूंना पत्र लिहून वेळ मागून घ्यावी. सण, उपवासकाळ आणि लग्नसराई टाळावी. पत्रात नाव, साल आणि नाते स्पष्ट लिहावे. हयात व्यक्तींच्या नोंदी दाखवण्यास नकार मिळाला, तर तो योग्यच आहे असे मानावे.

वाचन हाच या कामातील सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचा भाग आहे. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात, पण मजकुराचा साचा ठरलेला असतो: प्रथम तारीख, मग चर्च, बाळाचे नाव, आईवडील, पुष्कळदा दोन्हीकडचे आजी-आजोबा, वाडा, धर्मपिता व धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे) आणि शेवटी धर्मगुरूंची सही. एकाच धर्मगुरूंच्या हातच्या दहा-बारा नोंदी सलग वाचल्या की अक्षराची ओळख होते. नावे संक्षेपात लिहिलेली असतात. आंतोनियोची सुरुवातीची अक्षरे लिहून शेवटचे अक्षर वर बारीक काढलेले दिसते. महिन्यांच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. ७ या अंकापुढे बारीक अक्षरे जोडलेली दिसली तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. त्याचप्रमाणे ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि १० किंवा रोमन दहा म्हणजे डिसेंबर. रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजले जाई, त्याचा हा अवशेष आहे. आडनावाच्या लेखनावर अडून बसू नये, कारण एकाच कुटुंबातील दोन भावंडांची आडनावे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली आढळतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा समास वाचल्याशिवाय पान कधीही उलटू नये; विसाव्या शतकातील नोंदींत त्या व्यक्तीचा विवाह कोणत्या चर्चमध्ये व कधी झाला हे तेथेच लिहिलेले असते आणि पुढच्या वहीचा पत्ता त्यातून मिळतो.

वहीजवळ पेन नेऊ नये, पेन्सिलच वापरावी. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोटाला थुंकी लावू नये आणि बांधणी सैल असेल तर वही सपाट न उघडता दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्यांचा आधार द्यावा. छायाचित्र फ्लॅशविना, खिडकीच्या मंद उजेडात, कॅमेरा पानाला समांतर धरून घ्यावे. आधी मुखपृष्ठ, मग समास आणि पृष्ठांकासह संपूर्ण पान व शेवटी आपली नोंद जवळून, असा क्रम ठेवावा. फाइलच्या नावात चर्च, वहीचा प्रकार, साल आणि पृष्ठ लिहावे.

जतनाच्या बाबतीत सदिच्छेनेच फार नुकसान होते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे किंवा पान लॅमिनेट करणे म्हणजे ते कायमचे बिघडवणे होय. जुन्या शाईत लोहक्षार असल्यामुळे ती दमट हवेत कागद कुरतडते, आणि कोकणचा पावसाळा हीच तिच्यासाठी सर्वांत वाईट वेळ असते. म्हणून वह्या बाहेरच्या भिंतीला न टेकवता जमिनीपासून उंच, हवेशीर कपाटात, आम्लविरहित खोक्यात ठेवाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नयेत आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर वाळवी, कसर व बुरशी तपासावी. बुरशी दिसल्यास ती वही वेगळी काढून सुकू द्यावी. पाने चिकटली असतील तर ती स्वतः सोडवू नयेत, प्रशिक्षित संवर्धकाकडे द्यावीत. निधी थोडा असेल तर दुरुस्तीपूर्वी छायाचित्रण करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घेतलेल्या छायाचित्रांच्या तीन प्रती कराव्यात: एक स्वतःकडे, एक दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे आणि एक धर्मगुरूंच्या संमतीने चर्चकडे. चर्चच्या प्रतीसोबत नाव, साल आणि पृष्ठांक यांची सूचीही द्यावी, म्हणजे पुढे दाखला मागायला येणाऱ्यासाठी मूळ वही चाळावी लागणार नाही.