पांढरे ठिपके आणि माझे गेलेले मार्क

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला माझ्यापुढे एक काळा दगड आला. त्यात वाटाण्याएवढे पांढरे ठिपके. मी छातीठोकपणे सांगितलं, "बेसॉल्ट, आणि ठिपके प्लॅजिओक्लेजचे." (बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आणि प्लॅजिओक्लेज हे रस निवताना त्यातच घडणारं खनिज.) वर कारणही दिलं: स्फटिक मोठे, म्हणजे शिलारस खोलवर सावकाश निवला. परीक्षकांनी भिंग पुढे सरकवलं, "पुन्हा बघा." मी बघितलंच नाही. उत्तर पाठ होतं ना!

याच खड्ड्यात दरवर्षी कुणीतरी पडतं, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

सावकाश निवलं की स्फटिक मोठे, हे खरंच. पण तो नियम वितळलेल्या रसातून जन्मलेल्या स्फटिकांचा. माझे ठिपके रसातून आलेच नव्हते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. इंदूर ज्यावर बसलंय ते माळव्याचं पठार त्याचंच. ११००-१२०० अंश सेल्सियसचा रस वर येताना दाब उतरला, विरघळलेले वायू सुटले आणि लाव्हा थिजताना फुगे आत अडकले. घावनाला जाळी पडते तसं. पुढे भेगांतून गरम पाणी झिरपलं. त्यानं खडकातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून त्या पोकळ्यांत नेऊन बसवलं. झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी, अकीक ही सगळी खनिजं म्हणजे असे मागून आलेले भाडेकरू.

झिओलाइटच्या तर रचनेतच पाणी. तापवलं की बुडबुडतं, म्हणून १७५६ साली स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेटनं 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. असं पाणीदार खनिज ११०० अंशांच्या रसात टिकेल कसं? हा एक प्रश्न तेव्हा सुचायला हवा होता. अजून चुटपुट लागते.

ओळखायचं कडेवरून. भरलेल्या फुग्याची कड गोल किंवा बदामासारखी (अशा भरलेल्या फुग्याला अमिग्ड्यूल म्हणतात, तो शब्दच बदामावरून आलाय), कधी भोवती हिरवट पापुद्रा. प्लॅजिओक्लेज सरळ कडांचं, पट्टीसारखं. दगड फिरवला की त्याचा सपाट भाग लख्ख चमकतो. रंगावर जाऊ नका. चाकूनं ओरखडून बघा: कॅल्साइटवर चरा पडतो, गारगोटीवर नाही. करडी रेघ दिसली तर ओलं बोट फिरवा. पुसली गेली तर ती चाकूच्याच धातूची होती.

फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅपं पहिल्या वर्षी तरी काढून टाका. सीनियरच्या नोट्सही. माझं ते पाठ उत्तर तिथलंच! गुरू असा धरा, जो नाव न सांगता दगड हातात देईल. आमच्या लॅबमधले काका असेच होते. डिग्री नव्हती, पण नमुन्यावरची चिठ्ठी अंगठ्यानं झाकून विचारायचे, "कड कशी आहे रे?"

घाबरू मात्र नका. पहिले सहा महिने मला भिंगातून स्वतःच्या पापण्याच दिसायच्या. भिंग डोळ्याला टेकवून दगड जवळ आणायचा असतो, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी पोहे खाऊन इंदूरजवळच्या महूकडे निघा. रस्त्यासाठी कापलेल्या दरडींखाली सुटे दगड पडलेले असतात, तेवढे पुरे. फोडताना गॉगल लावा आणि ताजा भाग बघा, वरचं तांबूस कवच फसवतं. पावसाळ्यात तिथल्या पाताळपाणी धबधब्याच्या पात्रात नमुन्यांसाठी उतरू नका. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.