रोपं आणण्याआधी खाडीचं पाणी मोजा

कांदळवन, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, मेलेल्या जागी सगळ्यांची पहिली धाव रोपवाटिकेकडे असते. ती थांबवा. तिथली झाडं का गेली हे आधी शोधा. कारण बहुधा पाण्यात सापडतं: रस्त्याच्या भरावाने किंवा बांधाने खाडीचं तोंड बुजलेलं असतं, मोरी छोटी पडलेली असते. तिवर या कांदळवनातल्या झाडाची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. ओहोटीला पाणी उतरलंच नाही तर ती गुदमरतात आणि मोठी झाडंही उभ्या उभ्या वाळतात. अशा तुंबलेल्या जागी लावलेलं नवं रोपही मरणारच.

तुमच्या जागेची उंची मोजायला पाण्याने भरलेली १५ मीटर पारदर्शक नळी, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन पट्ट्या आणि दोन माणसं पुरतात. गवंड्याची पाणसळच ही. जवळच्या निरोगी कांदळवनात जिथे तिवराची कोवळी रोपं आपोआप उगवली आहेत, तिथे एक पट्टी जमिनीवर टेकवा आणि टप्प्याटप्प्याने तुमच्या जागेपर्यंत या. दोन्ही पट्ट्यांवरच्या पाण्याच्या खुणांमधला फरक म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून प्रत्येक टप्प्याला नळी तपासा. सपाट खाजणात १० सेंमीनेही भरती पोहोचण्याचे दिवस बदलतात.

ढोबळ नियम असा, की कांदळवन मध्यम समुद्रपातळी आणि उधाणाची भरती यांच्या मधल्या पट्ट्यात वाढतं. मुंबईच्या भरती-कोष्टकात ही मध्यम पातळी साधारण २.५ मीटर येते. तिच्या खालच्या उघड्या चिखलात रोप निम्म्याहून अधिक वेळ बुडालेलं राहतं आणि जातं. शिवाय तो चिखल तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांचा आणि पाणपक्ष्यांचा आहे. तिथे लागवड करूच नका, कितीही मोकळा दिसला तरी.

पाण्याची वाट अडलेली असेल तर जुना ओहळ शोधून तोच मोकळा करा. काढलेला गाळ काठावर रचू नका, त्याचा पुन्हा बांध होतो. हे करण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या. जमीन खाजगी असली तरी आधी विचारा. वाट मोकळी झाल्यावर एक पावसाळा थांबा. शेजारी झाडं असतील तर बी भरतीबरोबर येऊन आपसूक रुजतं, आणि अशी रोपं लावलेल्या रोपांपेक्षा चिवट निघतात.

बी आलंच नाही, तरच लावा. पावसाळ्यात मातीतलं मीठ उतरलेलं असतं. दिवस भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचे धरा, उधाणात ताजं रोप उपटून जातं. झाडाची जात जागेप्रमाणे निवडा: पाणीकाठच्या खालच्या बाजूला चिपी, रोज भरती येते तिथे कांदळ, आणि वरच्या, जास्त खारट जमिनीत तिवर. कांदळाची लांब शेंग फळाजवळ पिवळं कडं दिसलं आणि हलक्या पिळाने सुटली की पक्की. ओढून काढावी लागली तर कच्ची समजा. सावलीत ओल्या गोणपाटात ठेवून आठवड्याच्या आत लावा. टोकदार बाजू खाली, ७ ते १० सेंमी आत, दोन शेंगांत दीड ते दोन मीटर अंतर. खोल खुपसली तर कुजते. तिवराचं बी पाण्यात भिजवून साल सुटली की पिशवीतल्या चिखलावर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही.

मग नुकसान करतात ती गुरं, खेकडे, रोपांना गुंडाळणारं शेवाळ आणि प्लास्टिक. दर उधाणानंतर प्लास्टिक हाताने सोडवा. खोडाला चिकटलेले शिंपले मात्र खरवडू नका, सालही निघते. मोजणीसाठी १० बाय १० मीटरचे कायमचे चौकोन आखा, बांबू रोवून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्याच बांबूपासून फोटो काढून जिवंत रोपं मोजा. आपोआप आलेल्या रोपांचा आकडा वेगळा लिहा. तो वाढत नसेल तर रोपं वाढवून उपयोग नाही, पुन्हा पाणसळ काढा.