दम्याचा अटॅक आलाय आणि पंप जवळ नाहीये? या चुका टाळा

गणपतीला गावी गेले होते, राजापूर तालुक्यात आमचं गाव आहे, आणि दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, राहिला पुण्यात. विसरू नये म्हणून आदल्या रात्री मीच तो बॅगेतून काढून टेबलावर ठेवला होता आणि तो तिथेच राहिला. आणि गाव म्हणजे कसं, भर पावसाळा, माडीवरची वर्षभर बंद असलेली खोली, ट्रंकेतून काढलेल्या गोधड्या आणि त्यांचा तो कुबट वास, खाली दोन वेळच्या आरतीचा धूप नि कापूर. दम्याच्या माणसाला अजून काय पाहिजे! रात्री दीडला जाग आली ती कोरड्या खोकल्याने, मग छातीत सुंईसुंई, आणि दहा मिनिटांत अशी अवस्था की "पाणी दे" एवढं बोलायला मध्ये एक श्वास घ्यावा लागत होता.

मग घर उठलं. आत्याने छातीला बाम चोळला, काकांनी "वारं लागेल तिला" म्हणून खिडक्या लावल्या, काकूने वाफेसाठी पातेलं चढवलं, चुलतभाऊ म्हणतोय ताई अनुलोम-विलोम कर, आजीने अंगारा लावला. सगळे अगदी जीव तोडून करत होते, कोणाला नावं ठेवायची नाहीयेत मला. पण या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली आणि तोपर्यंत गाडी काढायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की आधी घरी करून बघू, नाही बरं वाटलं तर मग जाऊ. पंपाचं काम करेल अशी एकही गोष्ट घरात नसते, स्वयंपाकघरात नाही, देवघरात नाही आणि आजीच्या बटव्यातही नाही. घरी आपण जे काही करतो ते फक्त गाडी येईपर्यंत माणसाला सांभाळायला, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. पंप जवळ असेल तर पफ घेऊन पाच-दहा मिनिटं वाट बघता येते, पंप नसेल तर वाट कशाची बघायची? १०८ ला फोन लावा आणि गावात असाल तर त्याच वेळी शेजारच्याची गाडीही तयार ठेवा, जे आधी मिळेल त्यात बसा. आणि हो, दवाखाना निवडताना आधी फोन करून विचारा की आत्ता ऑक्सिजन आणि नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा करून मास्कमधून देणारं मशीन) चालू आहे का, नाहीतर बंद दारासमोर जाऊन उभे राहाल.

आता आत नक्की काय होतं ते थोडं सांगते, म्हणजे पुढचं पटेल. अटॅकमध्ये श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, नळ्या आतून सुजतात आणि वर चिकट कफ. आपल्याला वाटतं हवा आत जात नाहीये, पण खरा घोळ असा असतो की हवा बाहेर पडत नाही, छाती आधीच फुग्यासारखी भरलेली असते आणि माणूस त्याच्यावर अजून हवा ओढायला बघतो. म्हणून "खोल श्वास घे, खोल श्वास घे" हे सगळ्यात चुकीचं सांगणं आहे. सांगायचंच तर "सोड, हळू सोड" हे सांगा. गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठांचा चंबू करायचा, नाकाने जमेल तेवढाच श्वास घ्यायचा आणि चंबूतून जरा लांबवत सोडायचा. याने अटॅक थांबत नाही, पण घाबरून उथळ श्वास घेत माणूस जो दमतो ते कमी होतं. कपालभाती वगैरे तर अजिबात नको, आधीच पोटाचे नि मानेचे स्नायू थकलेत, त्यांना अजून कशाला झटके द्यायचे? प्राणायाम एरवी जरूर करा, अटॅकमध्ये नाही.

दुसरं म्हणजे झोपवणं. "जरा आडवी हो, बरं वाटेल" असं हमखास कोणीतरी म्हणतं आणि आडवं झालं की धाप वाढतेच. सरळ बसवा, किंचित पुढे झुकून, समोर टेबल किंवा उशांचा ढीग आणि त्यावर कोपरं टेकलेली. मी त्या रात्री जेवणाच्या स्टुलावर बसून देवघराच्या चौरंगावर हात टेकले होते, त्यातल्या त्यात तेच बरं वाटत होतं. गळ्याची बटणं, ओढणी, घट्ट कपडे सैल करा. धूप, उदबत्ती, मच्छर कॉइल, फोडणीचा धूर असेल तर माणसालाच तिथून हलवा. आणि भोवती गर्दी नको. एकाने जवळ बसून शांत बोलावं, बाकीच्यांनी गाडी, टॉर्च, पैसे नि जुने केसपेपर बघावेत.

आता बामाचं बघू, कारण यावर घरोघरी वाद होतात. बाममधलं मेन्थॉल नाकात गार लागतं आणि मेंदूला वाटतं हवा जास्त येतेय, नळी मात्र होती तेवढीच आवळलेली राहते. म्हणजे बरं वाटतंय असं वाटतं, आणि धोका तिथेच आहे. काहींना तर त्या उग्र वासानेच खोकला वाढतो. कापूर-लवंगाची पोटली करोनात घरोघरी झाली, तिचंही तेच, आणि लहान मुलाच्या हाती कापूर नकोच, चुकून पोटात गेला तर फिट येऊ शकते. वाफेचं म्हणाल तर सर्दीत नाक मोकळं करायला ती ठीक आहे, पण अटॅकमध्ये डोक्यावर टॉवेल घेऊन गरम दमट हवेत कोंडून घेणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला अजून गुदमरवणं, शिवाय उकळतं पातेलं आणि घाबरलेलं पोर एकत्र असलं की भाजायला कितीसा वेळ लागतो.

आमच्याकडची जुनी माणसं धोत्र्याच्या पानांची विडी सांगतात. गंमत म्हणजे यात अगदीच तथ्य नाही असं नाही, धोत्र्यात ॲट्रोपिन असतं आणि नळ्या सैल करणारं इप्राट्रोपियम नावाचं औषध, जे आज नेब्युलायझरमधून देतात, ते त्याच कुळातलं आहे. पण विडीतून किती विष आत जातंय याचा काही हिशोब नसतो, आणि ज्याच्या नळ्या आधीच चिडल्यात त्याच्या छातीत धूर सोडायचा हे काय लॉजिक आहे? कडक कॉफीचंही थोडंफार असंच. कॅफीन हे थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाचं भावंड, नळ्या जराशा सैल करतं, पण अगदी किंचित आणि सावकाश. माणूस नीट गिळू शकत असेल आणि गाडी निघालेली असेल तर दोन घोट देऊन बिघडत नाही, पण कॉफी उकळेपर्यंत थांबू नका. जो वाक्य पूर्ण करू शकत नाही त्याच्या तोंडात मध, आलं, केळं, काढा काहीच कोंबू नका, ठसका लागला तर आणखी पंचाईत.

कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणं ही सिनेमात बघून केलेली चूक. अटॅकमध्ये ऑक्सिजन आधीच कमी पडत असू शकतो, त्यात सोडलेलीच हवा परत आत घ्यायला लावायची? पाठीवर धपाटे घालणंही नको, धपाटे घशात काही अडकलं तर घालतात, इथे अडकलेलं काही नसतं.

गोळ्यांच्या डब्याकडे जाणारा हात तर आधी धरा. "घाबरलाय, झोपेची गोळी द्या" हा सल्ला जीवघेणा आहे, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या श्वासच मंद करतात. छाती दुखतेय म्हणून पेनकिलर देऊ नका, दमा असलेल्या काही लोकांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यानेच अटॅक येतो. छातीत धडधडतंय म्हणून कोणाची तरी प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारी गोळी) देऊ नका, ती नळ्या आवळते. खोकल्याचं सिरप, उरलेलं अँटिबायोटिक याचा इथे काही संबंध नाही. स्टेरॉइडची गोळी मात्र खरंच उपयोगाची असते, पण तिला परिणाम दाखवायला चार-सहा तास लागतात, त्यामुळे डॉक्टरांनी आधीच लिहून सांगून ठेवलं असेल तर घ्या आणि तरीही निघा.

आता पंप "नाही" म्हणजे खरंच नाही का, हे बघायचं राहून जातं. आमच्याकडे चाळीस मिनिटांनी चुलतभावाची ट्यूब पेटली आणि त्याने वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, दम्याचा पंप आहे का कोणाकडे. गणपतीच्या रात्री, दोन घरं सोडून भजन चालू होतं, सगळे जागेच. पखवाज वाजवणाऱ्या अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पंप निघाला. एरवी दुसऱ्याचं औषध घेऊ नये हे बरोबरच, पण जीव जात असताना सोसायटीत, रेल्वेच्या डब्यातल्या प्रवाशांत, चोवीस तास उघड्या मेडिकलमध्ये विचारायला लाजू नका.

फक्त पंपावरचं नाव वाचा, कारण सगळे पंप सारखे नसतात. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल, म्हणजे अस्थालिन, लेव्होलिन वगैरे, हे अटॅकचे पंप, पाच मिनिटांत काम सुरू करतात. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, म्हणजे फोराकोर्टसारखा पंप, हाही लवकर काम करतो. पण नुसतं बुडेसोनाइड किंवा सॅल्मेटेरॉलवाला पंप रोजच्या वापराचा असतो, तो ओढत बसलात तर वेळ जाईल आणि वाटेल की पंपच काम करत नाही. तारीख उलटून गेलेला असला तरी दुसरा नसेल तर तोच घ्या, जोर थोडा कमी असेल एवढंच. कॅप्सूल टाकून ओढायचं रोटाहेलर असेल तर जोराने ओढावं लागतं आणि मोठ्या अटॅकमध्ये तेवढा दमच उरत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर थांबू नका. आणि पंप पाण्यात तरंगला म्हणजे रिकामा, हे खोटं आहे, औषध संपलं तरी आतला गॅस उरतो आणि पंप फुसफुसत राहतो. साधारण २०० पफ असतात, काउंटर बघा.

स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी, कोरडी प्लास्टिकची बाटली घ्या, बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्या. हा माझा जुगाड नाही हं, १९९९ साली केप टाउनच्या डॉक्टरांनी लहान मुलांवर तपासून दाखवलं होतं की असा बाटलीचा स्पेसर विकतच्याइतकाच चालतो. पंप हलवायचा, एक पफ, बाटलीतून चार श्वास, परत हलवून दुसरा, असे चार. चार मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर परत चार. एकदम चार पफ बाटलीत मारू नका, औषध आतच चिकटतं. झाकण नसलेला पंप असेल तर तोंडात घालायच्या आधी आत बघा, खिशातली सुपारी किंवा नाणं जाऊन बसलेलं असतं.

मला सहाव्या पफनंतर पहिल्यांदा सलग पाच शब्द बोलता आले. तरी आम्ही निघालो, आणि यावर घरात भांडण झालं, कारण काका म्हणत होते की आता बरी आहे की.

कधी अजिबात वाद घालायचा नाही ते सांगते. शब्द तुटतायत, ओठ किंवा नखं निळसर, श्वासाबरोबर गळ्याखाली नि बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, पोर दूध ओढू शकत नाही, माणूस पेंगतोय किंवा असंबद्ध बोलतोय. ऑक्सिमीटर घरी असेल तर ९२ च्या खाली आकडा म्हणजे धोका, पण ९६ दिसला म्हणून निवांत होऊ नका, सुरुवातीला आकडा चांगलाच असतो, आणि गार पडलेलं बोट किंवा नेलपेंट असेल तर तो आकडा धरूच नका. आणि हे नक्की लक्षात ठेवा, छातीतली शिट्टी अचानक बंद झाली आणि माणूस अजून धापतोय, तर ते बरं होणं नव्हे, हवा जवळजवळ थांबलीये. कित्येक घरांत तेव्हाच "झोप लागली वाटतं" म्हणून दिवा मालवतात.

नेताना बाइकवर मध्ये बसवून नेऊ नका, वारा, धूळ, आणि वाटेत भोवळ आली तर धरणार कोण. रिक्षा परवडली. ज्याला आधी कधीच दमा नव्हता असं वयस्कर माणूस रात्री धापायला लागलं तर दमाच असेल असं धरू नका, हृदयाचाही प्रकार असू शकतो. गांधीलमाशी चावून किंवा काही खाऊन धापेबरोबर ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या तर ती वेगळी इमर्जन्सी आहे, फोनवर तसं स्पष्ट सांगा.

शेवटची चूक दवाखान्यातली. पहिल्या नेब्युलायझेशननंतर इतकं हलकं वाटतं की लोक चपला घालून निघतात. ते औषध चार-सहा तासांचं, आतली सूज तशीच, आणि मग पहाटे परत तेच. पहिल्या तासात वीस-वीस मिनिटांनी तीनदा देतात, मग तपासून ठरवतात, तेवढं थांबा. मी सकाळी साडेनऊपर्यंत थांबले, बाहेर काका वडापाव खात होते.

येताना तिथल्याच मेडिकलमधून तीन पंप घेतले, एक पर्समध्ये, एक गावच्या फडताळात, एक अण्णांना. अण्णांनी नवा घेतला आणि विचारलं, जुन्याचं झाकण कुठाय. ते अजून कुठल्यातरी गोधडीत आहे.