इमर्जन्सीत नवीन येणाऱ्यांसाठी: ट्यूबचं नंतर बघू, आधी मास्क धरायला शिका

दर नव्या बॅचमध्ये कोणीतरी पहिल्याच आठवड्यात विचारतंच, ट्यूब, म्हणजे श्वासनलिकेत घालायची नळी, टाकायला कधी शिकवणार? उत्साह हवाच, पण मी प्रत्येकाला तेच सांगते, आधी मास्क धरायला शिका. ट्यूब टाकणं हे डॉक्टरांचं आणि ॲडव्हान्स ट्रेनिंग झालेल्यांचं काम, आणि त्यांच्याही हातून ती कधीकधी जात नाही, अशा वेळी पेशंटला जिवंत कोण ठेवतं तर ज्याला मास्क नीट धरता येतो तो, मग तो नर्स असो, ईएमटी म्हणजे ॲम्ब्युलन्समधला टेक्निशियन असो नाहीतर इंटर्न. मी गोव्यात कॅज्युअल्टी आणि ॲम्ब्युलन्स दोन्हीकडे काम केलंय, पेडण्याचे कॉल बघितलेत, काणकोणचेही बघितलेत, आणि माझं हे मत वाढत्या अनुभवाबरोबर पक्कंच होत गेलंय.

इंग्लंडमध्ये पॅरामेडिक लोकांबरोबर एक मोठी ट्रायल झाली होती, एअरवेज-2 नावाची, 2018 मध्ये तिचे निकाल आले. हॉस्पिटलबाहेर हार्ट बंद पडलेले 9 हजारांवर पेशंट, काही पॅरामेडिकनी आधी ट्यूब टाकायची आणि बाकीच्यांनी आय-जेल, म्हणजे घशात वरच्यावर बसतो तो मऊ एअरवे. महिन्याभराने बघितलं तर चांगल्या अवस्थेत जगलेल्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून ट्यूब निरुपयोगी असं कोणी समजू नका, शुद्ध हरपलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून ट्यूबइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण तुमच्या पहिल्या वर्षात तुमच्या हातात जे असणार आहे ते म्हणजे ॲम्बु बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), मास्क, सक्शन (तोंडातली उलटी-लाळ ओढून काढणारं यंत्र) आणि ऑक्सिजनचा सिलेंडर, आणि ह्या चार गोष्टी चांगल्या येणारे लोक मला अजूनही कमीच भेटतात.

आता कामाचं. पेशंटजवळ गेलात की मशीन लावायच्या आधी त्याला बोलतं करा. आपल्याकडे बरेच जण "उस्वास घेवंक जायना गे" नाहीतर नुसतं "दम लागता" एवढंच सांगतात, पण ते तो एका दमात म्हणतोय की दोन शब्दांवर थांबतोय ह्यातच अर्धं निदान आहे. मग गळ्याचे स्नायू ओढले जातायत का, बसून पुढे वाकून हात गुडघ्यावर टेकलेत का, घाम, ओठांचा रंग, आणि श्वास मोजायचे, खरंच घड्याळ बघून मोजायचे, अंदाजे 20 लिहून टाकायचे नाहीत. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 ठीक, 30 च्या वर किंवा 10 च्या खाली असले की तुम्ही धावायला हवं. एक गोष्ट विशेष सांगते, मघापर्यंत जोरजोरात श्वास घेणारा पेशंट अचानक शांत होऊन पेंगायला लागला की घरचे म्हणतात आता बरं वाटतंय वाटतं त्यांना, तसं नसतं, तो थकलेला असतो आणि पुढच्या काही मिनिटांत श्वास थांबू शकतो, तेव्हा बॅग हातात घेऊन तयार राहा. बोटावर मोजलेल्या सॅच्युरेशनवर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांवर, डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ते रीडिंग खऱ्या परिस्थितीच्या मागेच असतं, बोटं थंडगार असतील तर आणखीनच मागे, गडद नेलपॉलिश असेल तर वेगळाच गोंधळ. छाती बघा. छाती आत्ताचं सांगते.

बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते आणि वाट बंद होते, आणि ही वाट उघडायला काहीही सामान लागत नाही. कपाळावर एक हात, हनुवटी दुसऱ्या हाताने वर, बस. घोरल्यासारखा आवाज थांबला की समजा वाट मोकळी झाली. बाइक अपघातात, आणि हायवेवर रात्रीचे असे कॉल खूप, मान दुखावलेली असू शकते म्हणून डोकं मागे न वळवता दोन्ही बाजूंनी जबड्याचे कोन पुढे उचलायचे. तरीही हवा जात नसेल तर मग डोकं हलकेच मागे घ्यायचं, कारण मानेला जपता जपता श्वासच गेला तर काय उपयोग. लठ्ठ माणसाच्या डोक्याखाली आणि खांद्यांखाली चादरी घालून कान छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या रेषेत आणा, एवढ्यानेसुद्धा सॅच्युरेशन चढताना मी पाहिलंय. तान्ह्या बाळाचं उलटं, त्याचं डोकं मागून मोठं असतं म्हणून पातळ घडी खांद्याखाली. आणि किनाऱ्यावर दारू पिऊन पडलेला पोरगा उताणा असेल आणि श्वास स्वतःचा घेतोय तर आधी त्याला कुशीवर वळवा, मित्र किती प्यायला वगैरे हिशोब सांगत बसतात ते नंतर ऐका.

तोंडातला एअरवे घालायचा तर ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत माप घ्या, आणि पेशंटला उबळ येत असेल तर तो घालूच नका, उलटी होईल. नाकातल्याचं माप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, पण डोक्याला जबर मार आणि नाका-कानातून रक्त किंवा पाणी येत असेल तर नाकात काही घालू नका.

मास्ककडे येऊया. नाकाच्या हाडावर मास्कचं टोक ठेवून तो खाली हनुवटीवर आणायचा, अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावर म्हणजे हाडावरच, खालच्या मऊ भागात बोटं रुतली तर तुम्हीच जीभ मागे ढकलताय. आणि नवीन मुलं करतात काय तर मास्क चेहऱ्यावर दाबतात, जितका लीक तितका जास्त दाब, त्याने मान वाकते आणि होती ती वाटही बंद होते. मास्क जागेवर ठेवा आणि जबडा वर उचलून मास्कला भिडवा. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. एका हाताने जमत नसेल तर, माझा पंजा लहान आहे त्यामुळे मला मोठ्या चेहऱ्यावर जमतच नाही, सरळ दोन्ही हातांनी धरा, अंगठ्यांच्या बुडाचे फुगीर भाग मास्कच्या दोन बाजूंना आणि बोटांनी जबडा उचललेला, आणि बॅग दुसऱ्याला दाबायला द्या. कॉलच्या जागेवर असाल तर पायलटना, म्हणजे ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरना सांगा, 108 ॲम्ब्युलन्सचे पायलट लोक ह्यात चांगले तयार असतात आणि सांगितलेलं नेमकं करतात. दात नसलेल्या आजोबांचे गाल आत जातात म्हणून कवळी घट्ट बसलेली असेल तर बॅगिंग करताना ती तोंडातच राहू द्या, सैल असेल तर काढा. दाढीवर जेली लावली की लीक कमी होतो.

बॅग दाबणं. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि पेशंटला एका वेळी लागतात 500-600 मिली, म्हणजे सगळी पिळायची गरजच नाही. एका सेकंदात हळू दाबायची, छाती जरा उचललेली दिसली की सोडायची, आणि नाडी आहे पण श्वास नाही अशा मोठ्या माणसाला 6 सेकंदांनी एक. मुलांना 2 ते 3 सेकंदांनी एक. कागदावर सोपं वाटतं, पण पेशंट निळा पडलाय, नातेवाईक रडतायत, गाडी हलतेय, अशा वेळी आपला हात आपोआप जोरात चालायला लागतो, प्रत्येकाचा चालतो, आणि त्याने होतं काय तर हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते, शिवाय छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी पडतं. म्हणजे जीव तोडून मदत करतोय असं वाटत असताना नुकसान होत असतं. म्हणून मोठ्याने मोजा. माझे एक सीनियर शेजारी उभे राहून "हळू, हळू, पुढचा आत्ता नाही" एवढंच बोलत राहायचे, आता तेच मी करते. हार्ट बंद असेल आणि ट्यूब किंवा आय-जेल नसेल तर 30 दाब छातीवर आणि 2 श्वास, हे बीएलएसमध्ये, म्हणजे जीव वाचवण्याच्या बेसिक कोर्समध्ये शिकवतातच, ते कार्ड 2 वर्षांनी रिन्यू करायचं विसरू नका.

सक्शन चालू करून बघितल्याशिवाय ड्युटी सुरू करू नका. कॅथेटर दिसतंय तिथपर्यंतच न्या, एका वेळी 10 सेकंदांच्या वर नको, कारण तेवढा वेळ ऑक्सिजन बंद असतो. उलटी खूप असेल तर आख्खा पेशंट एका कुशीवर वळवा, ते कुठल्याही मशीनपेक्षा लवकर होतं.

गोव्यात काम करणाऱ्याला समुद्र टाळता येत नाही. बुडालेल्यांबाबत लोकांच्या डोक्यात अजून बसलंय की पोट दाबून पाणी काढायचं. अजिबात नाही. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून इथे सुरुवातच श्वासाने करायची, आधी श्वास आणि मग छातीवर दाब. पोट दाबलं की पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जातं. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका, त्यातूनच बॅग दाबा. हरमल, मोरजी, कळंगुटला लाइफगार्ड असतात, ते बहुतेक वेळा आपल्या आधीच सुरुवात करून असतात, तेव्हा पोचल्यावर त्यांना बाजूला सारू नका, बुडून किती वेळ झाला आणि श्वास कधी सुरू केले ते विचारा आणि त्यांचे हात वापरा. आणि शुद्धीवर आलेला पर्यटक आता ठीक आहे मी, हॉटेलवर जातो म्हणाला तरी खोकला किंवा दम असेल तर हॉस्पिटलला न्याच.

सापाचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय. सत्तरी, पेडणे, धारबांदोडा ह्या भागात पावसात असे पेशंट येतात. नाग आणि मण्यार यांचं विष स्नायू लुळे पाडतं, मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याची खूण बऱ्याचदा दिसतही नाही, घरचे म्हणतात पोटात दुखतंय, गिळता येत नाही. पापण्या जड झालेल्या दिसल्या की सावध व्हा. मग बोलणं अडखळतं, मान उचलता येत नाही, आणि शेवटी श्वास. त्याला एका दमात 20 पर्यंत मोजायला सांगा आणि थोड्या थोड्या वेळाने परत मोजायला सांगा, आकडा घसरत चालला की बॅग तयार. अँटिव्हेनम हॉस्पिटलमध्ये मिळेल, पण तिथे पोचेपर्यंत त्याचा श्वास म्हणजे तुमचा हात. असा पेशंट डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, पण त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. त्याच्याशी बोला, नाव घेऊन बोला, मी श्वास देतेय, तू घाबरू नको, आपण निघालोय. त्याच्या समोर "गेला वाटतं" असं कोणी बोलत असेल तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा.

हाताने किती वेळ श्वास देता येतो असं कोणी विचारलं तर मी कोपनहेगनचं सांगते. 1952 मध्ये तिथे पोलिओची मोठी साथ आली, ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये लोखंडी फुप्फुसांची यंत्रं अगदी मोजकी होती, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून ट्यूब घालून बॅगने श्वास द्यायचं सुचवलं, आणि सुमारे 1500 मेडिकल स्टुडंटनी पाळ्या लावून दिवसरात्र, पेशंटमागून पेशंट, हातानेच बॅग दाबली. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आपल्याला तर वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत) दाबायची असते.

दम्याच्या पेशंटला बसूनच राहू द्या, झोपवू नका, नेब्युलायझर लावा. शिट्टीसारखा आवाज येतोय तोवर हवा जातेय, आवाजच बंद झाला तर ती सुधारणा नाही. अशाला बॅगिंगची वेळ आलीच तर आणखी सावकाश, हवा बाहेर पडायला भरपूर वेळ द्यायचा. जुना बिडी-सिगारेटवाला सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा पेशंट असेल तर सॅच्युरेशन 88 ते 92 पुरे, बाकीच्यांना 94 च्या वर. घशात काही अडकलं आणि माणूस खोकतोय तर खोकू द्या, आवाज निघेनासा झाला की पाठीवर 5 थापा, मग पोटावर 5 झटके, आलटून पालटून, गरोदर बाईला छातीवर. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. माशाचा काटा हा वेगळा विषय, तो सहसा घशात टोचून बसतो, श्वास अडवत नाही, पण त्यावर भाताचे गोळे गिळायला लावू नका, तो आणखी खोल जातो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

ऑक्सिजनचं गणित सगळ्यांना यायला हवं, कोणी शिकवत नाही म्हणून इथे लिहिते. बी टाइप सिलेंडर 10 लिटरचा, पूर्ण भरलेला असताना दाबाचा काटा 150 बारवर असतो, म्हणजे 10 गुणिले 150, 1500 लिटर. बॅगला मिनिटाला 15 लिटरने लावला तर 100 मिनिटं. काटा 50 वर असेल तर 500 लिटर, म्हणजे अर्ध्या तासाच्या जरा वर, आणि पेडण्याहून निघून म्हापसा ओलांडून पर्वरीला ट्रॅफिकमध्ये अडकलात तर बांबोळीच्या आधी संपणार. शिफ्ट सुरू होताना काटा बघायचा, किल्ली सिलेंडरलाच बांधलेली आहे का बघायचं, व्हॉल्व्हजवळ तेल-ग्रीस-सॅनिटायझरचे ओले हात न्यायचे नाहीत. करमल घाटात वळणांवर मास्क सुटतो, तेव्हा आधीच बेल्ट लावून, कोपर स्ट्रेचरला टेकवून बसा आणि पायलटना सांगून ठेवा की वळण आलं की आवाज द्या.

गोमेकॉला किंवा जवळच्या जिल्हा हॉस्पिटलला पोचायच्या आधी फोन करून सांगा की श्वास देत आणतोय, म्हणजे रेड एरियात (गंभीर पेशंटच्या जागेत) बेड आणि सक्शन तयार ठेवतात. हँडओव्हर लांबण लावून देऊ नका: त्रास कधी सुरू झाला, ऑक्सिजन लावायच्या आधी सॅच्युरेशन किती होतं आणि आता किती, किती लिटरवर आहे, श्वास स्वतःचा घेतोय की आपण देतोय आणि कधीपासून, उलटी झाली का, शेवटचं कधी खाल्लं, कुठली औषधं दिली. डॉक्टरने मास्क हातात घेईपर्यंत तुमचा सोडायचा नाही. मग गाडीत परत जाऊन बॅगचा व्हॉल्व्ह खोलून धुवा, मास्क बदला, सक्शनची बाटली रिकामी करा, सिलेंडर किती राहिला ते रजिस्टरमध्ये लिहा, कारण पुढचा कॉल बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच येतो.