चेनसॉने फळ्या काढताय? पट्टी आणि चेनच्या या चुका टाळा

गेल्या पंधरा दिवसांत तीन जण मशीन घेऊन आले. तिघांची तक्रार एकच: "भाऊ, मशीनमध्ये दम राहिला नाही." तिन्ही इंजिनं ठणठणीत होती. दुखणं पुढे होतं, पट्टीवर (चेन जिच्या कडेच्या खाचेत फिरते ते लांब पातं) आणि चेनवर. नाशिकच्या आसपास बांधावरचा पडलेला आंबा, जांभूळ जागच्या जागी चिरून टेबलाच्या फळ्या काढणारे आता बरेच झालेत. खोडात कोरीव काम करणारी पोरंही तयार होतायत. मला त्याचा आनंदच आहे. पण मशीन घेताना सगळे सीसी विचारतात, पट्टी किती इंची ते विचारतात, आणि चेन कोणती हे कोणीच विचारत नाही. म्हणून हे लिहितोय.

कापायच्या चेनने चिरायला बसणं

कापणं वेगळं आणि चिरणं वेगळं. खोड आडवं तोडणं म्हणजे कापणं, लांबीच्या रेषेत फाडून फळी काढणं म्हणजे चिरणं. मशीनबरोबर डब्यातून जी चेन येते ती झाड आडवं कापायला असते. तिच्या दातांची धार साधारण ३० अंश तिरकी असते. हा दात घडलाच मुळी झाड पाडणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली भुंग्याची अळी ओंडका डावीउजवीकडे कुरतडत आत शिरताना पाहिली आणि तिच्या जबड्यावरून चेनचा वळलेला दात बनवला. आजही बहुतेक चेनचा दात त्याच जातीचा आहे.

आपल्या जुन्या सुताराला हा फरक शिकवावा लागत नाही. आडवी करवत तो तिरकी घासतो, चिरायची करवत सरळ घासतो. चेनलाही तोच नियम. चिरायच्या चेनची धार १० अंशांवर असते, जवळजवळ सरळच. ३० अंशांच्या चेननेही ओंडका चिरला जातो, नाही असं नाही. पण फळीच्या तोंडावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उमटतात आणि त्या रंध्याने काढताना दोन सूत (पाव इंच) लाकूड वाया जातं. साग किंवा शिसव असेल तर ते दोन सूत म्हणजे रोख पैसे.

दुकानात चिरायची चेन तयार मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मी साधी, गोलसर कोपऱ्याच्या दातांची चेन घेतो आणि प्रत्येक वेळी धार लावताना ५ अंश कमी करत आणतो: ३०, २५, २० असं करत १० पर्यंत. एका बैठकीत सगळं घासून १० वर आणायचं, हे अधीर पोरांचं काम आहे. अर्धा दात कानशीतच संपतो आणि मग चेन टिकली नाही म्हणून ओरड.

धार आहे की गेली, हे भुशाला विचारा. धार असताना भुसा रव्यासारखा पडतो, बोथट झाली की मैद्यासारखा. मैदा दिसला की थांबायचं. मशीन दाबून पुढे ढकलायचं नाही.

पट्टी म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा समजणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक मला स्वतःला महागात पडली आहे.

दिंडोरी तालुक्यात एका मळ्यातला रायवळ आंबा वादळात आडवा झाला. मालकाच्या आजोबांनी लावलेला. त्या मालकाची, अण्णांची, इच्छा साधी होती: याच झाडाचं, घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं जेवणाचं टेबल व्हावं. दहा फुटी सरळ बुंधा होता. पहिली फळी बरी निघाली. दुसऱ्या फळीला तीन-चार फुटांवर पट्टी खाली बुडायला लागली. फळी बाहेर काढली तर मधोमध पोट आलेलं, कडेला दीड इंच आणि मध्ये दोन इंचांच्या वर. मी चेनला दोष दिला. तिथेच बसून धार लावली, परत तेच. मग कोरी चेन चढवली. पुन्हा तेच. अण्णा काही बोलले नाहीत. येऊन त्या फुगलेल्या फळीवरून हात फिरवला आणि बाजूला उभे राहिले. चौथी फळी वाया गेल्यावर मी मशीन बंद केलं.

घरी येऊन पट्टी सोडवली, धुतली आणि तिला गुण्या (सुताराचा काटकोन) लावला. गुण्याचं एक पातं पट्टीच्या अंगाला, दुसरं वरच्या दोन कडांवर. एका कडेवर पातं नीट टेकलं आणि दुसरीखालून उजेड आला. एक कड दुसरीपेक्षा नखाच्या जाडीएवढी खाली गेली होती. फळ्या काढताना मशीन आडवं चालतं, सगळा भार पट्टीच्या एकाच अंगावर येतो, आणि वर्षभरात मी पट्टी एकदाही उलटी केली नव्हती. चेन कोरी असली तरी तिरक्या रुळावर तिरकीच धावणार. त्या आंब्यातून टेबल झालं नाही. दोन बाकं झाली.

तेव्हापासून चेन उतरवली की पट्टी उलटी करून बसवायची, ही माझी सवय. उतरवलेली असतानाच बाकीचं उरकतो. खाचेतला काळा चिकटा हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने खरवडून काढतो. तेलाच्या भोकात तार फिरवतो. कडांना बाहेरच्या अंगाने बारीक कणी आलेली असते, बोट फिरवलं तर कापतं. ती चपट्या कानशीने काढतो. मग गुण्या. गुण्या नसेल तर पट्टी काचेवर कडेवर उभी करा. सरळ उभी राहिली तर ठीक, एका अंगाला कलली तर कडा घासून एका पातळीत आणायची वेळ झाली. हे काम हाताने डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर काटकोनात करून घ्या. खाच रुंद होऊन चेन डावीउजवीकडे हलत असेल तर काही जण कडा हातोडीने ठोकून खाच बंद करतात. मी करत नाही. आठवडाभर चालते आणि मग पहिल्यापेक्षा जास्त हलते. त्यापेक्षा नवी पट्टी घ्या.

फळी वाकडी येण्याचं दुसरं कारण दातांच्या लांबीत असतं. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूच्या दातांवर जोर जास्त पडतो, दुसऱ्या बाजूचे दात लांब राहतात, आणि चेन लांब दातांच्या बाजूला ओढली जाते. मी सगळ्यात झिजलेला दात शोधतो आणि बाकीचे त्याच्या मापाला आणतो. तासभर जातो. जाऊ द्यावा.

तीन आकडे न बघता चेन आणणं

पिच, गेज आणि आतल्या दात्यांची संख्या. पट्टीच्या मुळाशी कोरलेलं असतं, तेल पुसून वाचा. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. पाव इंच म्हणजे दोन सूत, ३/८ म्हणजे तीन सूत, आणि मध्ये ०.३२५ इंच. ०.३२५ आणि ३/८ डोळ्यांना सारख्याच दिसतात, तिथेच फसगत होते. एक जण ०.३२५ च्या स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) ३/८ ची चेन चढवून आला होता. एका दिवसात चेनही गेली आणि स्प्रॉकेटही. गेज म्हणजे खाचेत बसणाऱ्या दात्याची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. पातळ चेन रुंद खाचेत बसते खरी, पण डुलत चालते. कानसही पिचप्रमाणे लागते: पाव इंचाला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८, मोठ्या ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदला.

छोट्या मशीनला लांब पट्टी

५८ सीसीच्या मशीनला २२ इंची पट्टी येते म्हणून २२ इंची ओंडका चिरता येत नाही. मिलची चौकट (फळी एकसारख्या जाडीची निघावी म्हणून पट्टीला लावतात ती) आणि क्लॅम्प चार-पाच इंच खातात आणि उरलेल्या रुंदीत एकाच वेळी डझनभर दात लाकडात असतात. आडवं कापताना मशीनला मधूनमधून श्वास मिळतो, चिरताना दहा फूट तो मिळत नाही. कठीण लाकडात २४ इंची पट्टीला ७० सीसीच्या पुढचं आणि ३६ इंचीला ९० सीसीच्या आसपासचं मशीन हवं. लांब पट्टीवर एक सोडून एक दात असलेली चेन घाला, इंजिनवरचा भार हलका होतो.

गॅरेजचं जळकं ऑईल

फुकट मिळतं म्हणून सगळे घालतात. त्यात इंजिनमधली धातूची पूड असते आणि आम्ल असतं. ते पंपात जातं, पट्टीच्या खाचेत जातं, फळीवर काळे डाग पाडतं, तुमच्या हातांवर आणि नाकातोंडात उडतं. शिवाय त्याला चिकटपणा नाही, पट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत सगळं फेकलं जातं. चेनचंच तेल वापरा. निफाडच्या थंडीत सकाळी तेल घट्ट होतं, म्हणून पहिला घाव घालण्याआधी टोक वर्तमानपत्रासमोर धरून मशीन जोरात चालवून बघा. कागदावर तेलाची रेघ उमटली नाही तर काम सुरू करू नका. ३० इंचांच्या वरच्या पट्टीला टोकाकडून वेगळं तेल सोडायची सोय लागते. मी एका बाटलीला नळी जोडून ठेवली आहे.

कोरीव काम साध्या पट्टीने करणं

वायनरीच्या दारात ठेवायला द्राक्षाचा घोस कोरायचा म्हणून एक पोरगा १८ इंची पट्टीचं टोक लाकडात खुपसत होता. मी त्याला हात धरून थांबवलं. टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, आणि माणसाचा हात तेवढ्या वेळात हलत नाही. कोरायची पट्टी वेगळी असते. तिचं टोक बोटभर रुंदीचं, म्हणून झटका फार कमी. तिच्यावर पाव इंची चेन चालते आणि त्यासाठी मागचं स्प्रॉकेटही पाव इंचीच बसवावं लागतं. नुसती पट्टी आणि चेन आणून भागत नाही. या पट्टीच्या टोकाला चाक नसतं, चेन कठीण धातूवर घासत फिरते. म्हणून चेन जराशी सैल ठेवा आणि तेल भरपूर सोडा. टोक निळं पडलेलं दिसलं तर कोरडं चाललं होतं असं समजा. ३५ ते ४५ सीसीचं हलकं मशीन पुरतं. मोठ्या मशीनवर ती बारीक चेन तुटते.

आणखी काही

रस्त्याकडेच्या कडुनिंबात पाट्यांचे खिळे असतात. ओंडक्याच्या तोंडावर निळसर काळी रेघ दिसली तर आत लोखंड आहे असं धरा.

साल चिखलाने माखली असेल तर आधी कुऱ्हाडीने साल काढा. काळ्या मातीतली रेती पाच मिनिटांत धार खाते. सागात स्वतःचीच रेती असते, त्याला दुप्पट वेळा धार लागते.

दातापुढची उंचवटी दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटरहून जास्त खाली जाईल इतकी घासू नका. लवकर कापेल म्हणून पोरं ती खूप घासतात आणि मग चेन लाकडाला हिसके देते.

चिरत जाताना मागे पाचरी मारत चला, नाहीतर फळी पट्टीला चावते.

काम संपलं की चेन सैल करून ठेवा. तापलेली चेन लांबते, आपण ती ताणतो, आणि रात्री थंड होऊन आखडली की सगळा ताण क्रँकच्या बेअरिंगवर येतो. मी मशीनला चिठ्ठीच बांधतो, "चेन सैल केली आहे", म्हणजे सकाळी दुसरं कोणी उचललं तरी आधी ताणून घेईल.