मोटार गुणगुणते पण फिरत नाही: सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची घरगुती तपासणी

बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ घरांत वॉशिंग मशीन न्हाणीघराबाहेर किंवा परड्यातील पत्र्याखाली ठेवलेले असते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्या पाठीला पावसाची ओल लागत राहते. अशा मशीनचा टायमर फिरवल्यावर नुसता जड, घुमणारा आवाज येऊन तळाची चकती जागची हलली नाही, की मोटार जळाली असे धरून ती रिवायंडिंगला, म्हणजे आतली तारेची गुंडाळी (वायंडिंग) नव्याने भरायला, पाठवण्याची घाई केली जाते. आवाज येतो याचा अर्थ मोटारीपर्यंत वीज पोहोचली आहे. एक तर तिला फिरण्यासाठी लागणारा जोर मिळत नाही किंवा पुढे काहीतरी अडकले आहे. हा जोर देण्याचे काम ज्याला आपल्याकडे सर्रास कंडेन्सर म्हणतात तो कपॅसिटर करतो, आणि मोटारीपेक्षा तोच आधी निकामी होण्याची शक्यता जास्त असते.

आवाज येताच टायमर शून्यावर आणावा, कारण अडकलेल्या मोटारीतून नेहमीपेक्षा जास्त वीज वाहते आणि तिचे वायंडिंग काही मिनिटांतही करपू शकते. त्यानंतर प्लग सॉकेटमधून पूर्ण काढावा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पाणी सोडून द्यावे आणि रिकाम्या टबमधील चकती हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहावी. ती घट्ट वाटल्यास मधला स्क्रू काढून चकती उचलावी. तिच्याखाली नाणे, सेफ्टी पिन किंवा लहान मुलाचा मोजा सापडला, तर दुरुस्ती तिथेच संपते.

चकती मोकळी फिरत असेल, तर मशीन भिंतीपासून ओढून मागचे झाकण उघडावे. आत दोन मोटारी दिसतात: धुण्याची आणि पिळण्याची. धुण्याच्या मोटारीवरून गिअरबॉक्सकडे जाणारा रबरी पट्टा दोन पुलींच्या मध्ये बोटाने दाबून पाहावा. तो साधारण एक सेंटिमीटर दबला तर ताण ठीक आहे. मात्र पट्टा सैल किंवा तुटका असेल, तर मोटार फिरते आणि चकती थांबते, म्हणजे दोषाचे लक्षण वेगळे असते. आता पट्टा उतरवून मोटारीची पुली हाताने फिरवावी. ती करकरत किंवा अडखळत फिरली, तर ओलीने बेअरिंग अथवा बुश गंजले आहे, आणि ते काम कारागिराकडेच द्यावे.

पुली सहज फिरल्यास कंडेन्सरकडे वळावे. प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहू शकते, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी पाडण्याची सवय अनेकांना असते, ती वाईट. होल्डरमध्ये जुना, तारेचा पिवळा बल्ब बसवून त्याच्या दोन वायरी, इन्सुलेशन धरून, कंडेन्सरच्या टोकांना काही सेकंद टेकवाव्यात. कंडेन्सरच्या डबीला तीन वायरी असतील, तर एकाच डबीत दोन्ही मोटारींचे कंडेन्सर आहेत असे समजावे आणि वायरींच्या प्रत्येक जोडीला बल्ब टेकवावा. मग जोडणीचा मोबाइलवर फोटो काढून वायरी सोडवाव्यात. माझ्या मशीनमधील कंडेन्सरचे पोट फुगून त्यावरचे अक्षर ताणले गेले होते. तिथे मीटर लावण्याची गरजच नव्हती. पण बाहेरून धड दिसणारा कंडेन्सरही खराब असू शकतो, त्यामुळे मायक्रोफॅरड (कंडेन्सरच्या क्षमतेचे एकक) मोजणारा मल्टिमीटर लावून आकडा पाहावा. डबीवर १० मायक्रोफॅरड आणि ±५% असे छापले असेल, तर ९.५ ते १०.५ मधला आकडा चालतो; ६ किंवा ७ आल्यास तो बदलावा.

नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा. घरात पडलेला पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर येथे पुरणार नाही. आपल्या ऊसपट्ट्यात विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतील जुना स्टार्टिंग कंडेन्सर हाताशी असतो, पण तो क्षणभराच्या कामासाठी बनवलेला असल्यामुळे सतत जोडून ठेवल्यास फुटू शकतो.

कंडेन्सर चांगला निघाला, तरच वायंडिंगचा संशय घ्यावा. मोटारीच्या तीन वायरी सोडवून मल्टिमीटरने ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, मोजावेत. धुण्याची मोटार दोन्ही दिशांना सारख्याच जोराने फिरायची असल्याने तिची दोन्ही वायंडिंग जवळजवळ सारखी असतात. म्हणून दोन्ही वायंडिंगना जोडलेल्या सामाईक वायरीपासून उरलेल्या दोन टोकांपर्यंतचे आकडे सारखे यावेत आणि त्या दोन टोकांमधला आकडा त्यांच्या बेरजेइतका यावा. एखादी जोडी उघडी, म्हणजे तुटलेली, दाखवली किंवा आकड्यांत मोठा फरक पडला, तर मात्र रिवायंडिंग करावे लागेल. पिळण्याच्या मोटारीला हा नियम लागू नाही, कारण तिची दोन वायंडिंग मुळातच वेगळी असतात.

शेवटी मीटर सर्वात वरच्या ओहम रेंजवर ठेवून वायंडिंग आणि मोटारीच्या उघड्या धातूमध्ये मोजावे. काहीही आकडा दिसला, तर मोटार पूर्ण वाळेपर्यंत मशीन सुरू करू नये, आणि वाळल्यावरही आकडा राहिला तर ती कारागिराला दाखवावी. सारे ठीक असल्यास पट्टा चढवून झाकण लावावे, मशीन आधी रिकामे आणि मग अर्ध्या पाण्यावर पाच मिनिटे चालवावे, आणि चकती दोन्ही दिशांना फिरते याची खात्री करूनच कपडे टाकावेत.