व्हर्च्युअल मशीनमधल्या एक्सपीला नेटवर्क मिळत नसेल तर

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालतच नाही. मग जुन्या पीसीची डिस्क जशीच्या तशी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (नव्या पीसीच्या आत दुसरा, व्हर्च्युअल पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवतात. सॉफ्टवेअर उघडतं, नेटवर्क मात्र गायब. 'फायरवॉल बंद करा', 'एक्सपी नव्याने टाका' असले सल्ले मनावर घेऊ नका.

आधी व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क कार्ड बघा. व्हर्च्युअल मशीन पूर्ण शटडाउन करा. सेव्ह करून ठेवलेल्या मशीनचं कार्ड बदलता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ३२ बिट एक्सपीला अडॅप्टर टाइप पीसीनेट-फास्ट थ्री द्या. इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉपचा ड्रायव्हर एक्सपीत नसतो. विंडोज ७ चं नेमकं उलट, तिथे इंटेलच हवं. मॅक ॲड्रेसला (कार्डाच्या ओळख-क्रमांकाला) हात लावू नका, एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं.

जोडणी एनएटी (होस्टच्या, म्हणजे मुख्य पीसीच्या, नेटवर्कच्या आडून), एक्सपीत आयपी ऑटोमॅटिक. १०.०.२.१५ मिळाला की कार्ड ठीक. १६९.२५४ ने सुरू होणारा आला तर आयपी आपोआप मिळालेला नाही, जोडणी एनएटीच आहे ना ते तपासा; एक्सपी केबल निघाल्याचं सांगत असेल तर 'केबल कनेक्टेड'ची टिक बघा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. जुना ठरलेला आयपी, समजा १९२.१६८.१.५०, नव्या कार्डाला द्यायला गेलात की एक्सपी म्हणतं, हा दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. तो अडॅप्टर कुठेच दिसत नाही, कारण ते जुन्या पीसीतलं कार्ड: वस्तू गेली, नोंद रजिस्ट्रीत राहिली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं 'शो हिडन डिव्हायसेस' केल्याने ते दिसणार नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१' लिहा (अर्थात इंग्रजी अक्षरांत: set devmgr_show_nonpresent_devices=1) आणि त्याच खिडकीतून 'डेव्हएमजीएमटी.एमएससी' (devmgmt.msc, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर) चालवा. स्टार्ट मेनूतून उघडलंत तर ही सेटिंग लागू होत नाही; बहुतेकांची गाडी इथेच अडते. आता 'शो हिडन डिव्हायसेस' करा. नेटवर्क अडॅप्टर्सखाली फिकट दिसणारं जुनं रिअलटेक वगैरे कार्ड अनइन्स्टॉल करा. वॅन मिनीपोर्टच्या नोंदी विंडोजच्या स्वतःच्या आहेत, त्या राहू द्या. रीस्टार्ट करून आयपी पुन्हा द्या.

हा आयपी एनएटीवर चालणार नाही, आता जोडणी ब्रिज्ड (एक्सपी थेट वर्कशॉपच्या नेटवर्कवर) करा. होस्ट वायफायवर असेल तर ब्रिज्ड भरवशाचं नसतं. सरळ केबल ओढा.

पिंग लागतो पण वेबसाइट उघडत नाहीत? इंटरनेट एक्सप्लोरर ८ एक्सपीवर टीएलएस (वेबसाइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत) १.० च्या पुढे जात नाही. ते दुरुस्त करत बसू नका; ८ एप्रिल २०१४ ला सपोर्ट संपलेलं एक्सपी इंटरनेटपासून लांबच बरं. विंडोज १० च्या होस्टवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडत नसेल तर एसएमबी १ (फायली शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद असणार. ते चालू करू नका, फायली व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधून द्या. त्यासाठी एक्सपीत गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) टाकाव्या लागतील.